भिंतीकडे तोंड केलेला पुतळा

‘वर्ल्ड फॅन्टसी ॲवॉर्ड’ हा अद्भुतकथेच्या क्षेत्रातील मानाचा पुरस्कार १९७५ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे प्रथम देण्यात आला. हे शहर हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टचे. भयकथेला विश्वाच्या अथांग पोकळीत नेऊन सोडणारा हा लेखक १९३७ साली दारिद्र्यात वारला. त्याचे ऋण मान्य करावे म्हणून व्यंगचित्रकार गॅहन विल्सन यांनी घडविलेला त्याचाच अर्धपुतळा सन्मानचिन्ह ठरला आणि चाळीस वर्षे विजेत्यांच्या घरी जात राहिला.

२०११ साली तो न्नेडी ओकोराफोर यांना मिळाला. नायजेरियन आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या या लेखिकेच्या पाहण्यात त्यानंतर लव्हक्राफ्टची १९१२ सालची एक कविता आली. कृष्णवर्णीयांना माणसाच्या खालच्या पायरीवर, पशूंच्या शेजारी बसविणारी ती कविता. ज्याने आपल्याला माणूस मानले नसते, त्याचेच मस्तक आपल्या कर्तबगारीची खूण म्हणून दिवाणखान्यात मांडावयाचे! २०१४ साली सोफिया समातार यांनी पुरस्कार स्वीकारतानाच या अवघडलेपणाचा उल्लेख केला. पुढल्याच वर्षी पुतळा मागे घेण्यात आला.

या निर्णयाच्या निषेधार्थ स्वतःचे दोन पुरस्कार परत करणारे संशोधक सुनंद त्र्यंबक जोशी हे १९५८ साली पुण्यात जन्मलेले. लहानपणीच ते अमेरिकेत गेले आणि पुढे लव्हक्राफ्टच्या संहिता शुद्ध करण्यात, त्याचे विस्तृत चरित्र लिहिण्यात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. लव्हक्राफ्टच्या लेखी हे जोशीही परकेच ठरले असते. त्यांच्यावर आंधळ्या भक्तीचा आरोप करता येणार नाही. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्यांनी चरित्रात झाकलेला नाही. सन्मान वाङ्मयीन कर्तृत्वाचा असतो, स्वभावाचा नव्हे, हे त्यांचे म्हणणे.

म्हणणे वजनदार आहे, परंतु ते पुरे पडत नाही. ‘तो काळच तसा होता’ ही नेहमीची सबब तर अर्धीच खरी. वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेचा पाया फ्रान्झ बोआस यांनी १९११ सालीच खणून काढला होता, आणि लव्हक्राफ्ट हा शास्त्रीय वाचनाचा अभिमान बाळगणारा गृहस्थ होता. शिवाय लेखक आणि माणूस यांची वाटणी येथे करता येत नाही. १९२४ साली विवाहानंतर तो ब्रुकलिनमध्ये राहावयास गेला; पत्नी ज्यू, शेजार देशोदेशींच्या स्थलांतरितांचा. त्या गर्दीविषयीची किळस ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत उघडीनागडी उतरली. ती कथा सामान्यच. पण ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ ही त्याची उत्तम कथा, आणि तिच्यातील भयही त्याच विहिरीतून उपसलेले आहे: रक्ताच्या सरमिसळीचे भय. फरक एवढाच, की अखेरीस ते परके रक्त निवेदकाला स्वतःच्याच धमन्यांत सापडते. तो द्वेष वगळून कथा वाचू म्हटले, तर वाचावयास फारसे काही उरत नाही.

म्हणूनच ती वाचावी, वर्गात शिकवावीही. वाचताना लेखकाशी भांडता येते, त्याला उलटे प्रश्न विचारता येतात. पुतळ्याला मात्र तळटीप जोडता येत नाही.

पैशाचा प्रश्न निराळा, आणि चर्चेत तो बहुधा मागे राहतो. लव्हक्राफ्टचे पुस्तक विकत घेतल्याने आता त्याच्या खिशात काही पडत नाही. ‘द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन’ची लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली १९९९ साली वारली. आईने बालपणी आपल्यावर अत्याचार केले, असे तिच्या कन्येने २०१४ साली जाहीर केले, तेव्हा इंग्लंडमधील प्रकाशकाने ब्रॅडलीच्या ई-पुस्तकांचे उत्पन्न ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेस देण्याचे ठरविले. लेखक हयात असला, की हा हिशेब वाचकाला स्वतःच मांडावा लागतो.

ब्रिटिश कादंबरीकार चायना मिएव्हिल यांना २०१० साली हाच पुतळा मिळाला होता. लव्हक्राफ्टच्या ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ला २००५ साली प्रस्तावना लिहून ते पुस्तक नव्या वाचकांच्या हाती देणारेही हेच मिएव्हिल. घरी त्यांनी पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. लव्हक्राफ्टच्या पाठीमागे बसून आपण लिहितो आहोत, याचे त्यांना समाधान होते.