लेसर दृष्टिदोष-निवारण शस्त्रक्रिया : शास्त्रीय आधार आणि वास्तव अपेक्षा

प्रस्तावना

'चष्म्यापासून कायमची मुक्ती' अशा आशयाच्या जाहिराती आता तालुक्याच्या ठिकाणीही दिसू लागल्या आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत या विषयाचे कुतूहल मोठे आहे. कोणी सैन्यभरतीची तयारी करीत असतो, कोणी रेल्वेच्या परीक्षेची. आणि काही घरांत मुलीच्या चष्म्याचा विषय लग्नाच्या बोलणीत अजूनही निघतो. या शस्त्रक्रियेने डोळ्यात नेमके काय बदलते आणि काय मुळीच बदलत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, नेत्रतज्ज्ञ नव्हे. त्यामुळे हे विवेचन वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

दोष कोठे, दुरुस्ती कोठे?

मानवी डोळ्याची एकूण प्रकाशीय शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक वाटा पारपटलाचा असतो. पारपटल म्हणजे डोळ्याच्या अग्रभागी असलेला पारदर्शक पडदा. निकटदृष्टितेत, म्हणजे उणे नंबर असलेल्या डोळ्यात, बहुधा नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब असतो. सामान्य डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटरने वाढली तर साधारणतः अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो. प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते व दूरचे अंधुक दिसते.

लेसरने पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट केला जातो. त्याची शक्ती तेवढी घटते आणि प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. दोष लांबीत आणि दुरुस्ती वक्रतेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सुचतात.

लेसरचे कार्य

या कामी वापरला जाणारा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण देतो. मूळचे भारतीय असलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. रंगस्वामी श्रीनिवासन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे किरण टर्की पक्ष्याच्या उरलेल्या तुकड्यावर सोडले. आजूबाजूची ऊती न जळता स्वच्छ काप पडला. १९८३ मध्ये त्यांनी नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध केले. या किरणांच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने रेणूंमधील बंध थेट तुटतात व उष्णता पसरण्यास अवसर मिळत नाही. एका स्पंदात पाव मायक्रॉनच्या आसपास थर निघतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास काहीतरी करपल्यासारखा वास येतो. तो जळण्याचा नसून ऊतीच्या विघटनाचा असतो.

प्रचलित पद्धती मुख्यतः तीन आहेत. पीआरकेमध्ये पारपटलाची वरची त्वचा दूर करून लेसर सोडतात. लॅसिकमध्ये पारपटलाची पातळ झडप उचलून आत लेसर सोडतात व झडप पुन्हा बसवितात. स्माईलमध्ये झडप नसते; फेम्टोसेकंद लेसरने आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून ती लहान छेदातून काढतात. या तिसऱ्या पद्धतीच्या आरंभीच्या अनुभवात वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह यांचे काम जगभर परिचित आहे.

खरा निर्णय : मोजमाप

लेसरपेक्षा त्याआधीची तपासणी अधिक महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पारपटलाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. किती थर काढावा लागेल याचे ढोबळ सूत्र सोपे आहे : लेसर-क्षेत्राच्या व्यासाचा (मिलिमीटर) वर्ग करून त्यास ३ ने भागावे व नंबराने गुणावे. ६ मिलिमीटर व्यासाला प्रत्येक डायॉप्टरमागे १२ मायक्रॉन येतात. उणे ४ नंबर, ५४० मायक्रॉन जाडी व ११० मायक्रॉनची झडप असेल तर लॅसिकनंतर झडपेखाली ५४० उणे ११० उणे ४८, म्हणजे ३८२ मायक्रॉन उरतात. किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत असा संकेत आहे. अनेक तज्ज्ञ ३०० चा आग्रह धरतात. आता उणे ८ नंबर व ४८० मायक्रॉन जाडी घ्या. उरतात २७४. पहिली मर्यादा जेमतेम पाळली जाते, दुसरी नाही. अशा वेळी 'तुमच्यासाठी ही शस्त्रक्रिया नाही' असे सांगणाऱ्या डॉक्टरांवर रागावण्याचे कारण नाही.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा. केराटोकोनस या विकारात पारपटल दुर्बल होऊन शंकूसारखे पुढे येते. त्यावर लेसर चालविल्यास ते आणखी खचते. हा विकार आपल्याकडे दुर्मिळ मानता येत नाही. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात ३० वर्षांवरील ४,७०० हून अधिक व्यक्तींची पाहणी झाली होती (अहवाल २००९). तीत पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर वा अधिक हा निकष लावता २.३ टक्के व्यक्तींत हा विकार संभवनीय आढळला. निकष ढोबळ होता, हे खरे. तरी पारपटलाचा नकाशा काढल्याविना शस्त्रक्रियेस संमती देऊ नये, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि निदान वर्षभर नंबर स्थिर असावा. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. तपासणीपूर्वी काही दिवस ते काही आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवावी लागते, अन्यथा मापे चुकतात. भरतीसाठी शस्त्रक्रिया करू इच्छिणाऱ्याने त्या पदाची वैद्यकीय अट आधी वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. ज्या पदासाठी खर्च केला तेच पद त्या खर्चाने हातचे जावे, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही. विम्याचाही भरवसा धरू नये. २०१९ च्या प्रमाणित नियमांनुसार ७.५ डायॉप्टरखालील नंबराचा उपचार आरोग्य विम्यातून वगळता येतो.

शस्त्रक्रिया व नंतरचे दिवस

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अल्पावधीची असते. थेंबांनी डोळा बधिर करतात, पापण्या उघड्या धरणारे उपकरण लावतात. झडप करताना दाब जाणवतो व क्षणभर दिसेनासे होते. ते अपेक्षितच असते. नंतर लुकलुकणाऱ्या प्रकाशबिंदूकडे पाहत राहायचे. लेसर बहुधा मिनिटाच्या आत थांबतो. लॅसिकनंतर काही तास चुरचुर व पाणी येते, पण दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगले दिसते. पीआरकेमध्ये तीन-चार दिवस वेदना असतात आणि दृष्टी स्वच्छ होण्यास काही आठवडे लागतात. डोळा चोळणे मात्र सर्वथा वर्ज्य.

पारपटलातील सूक्ष्म चेतातंतू कापले जात असल्याने कोरडेपणा कित्येक महिने राहू शकतो. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेले 'प्रॉवल' अध्ययन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होते. परंतु आधी कसलाही दृष्टित्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना तीन महिन्यांनी वलये, चकाकी यांसारखे किमान एक नवे लक्षण जाणवत होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. त्रास बहुतेकांना सोसण्याजोगा असतो; ज्या थोड्यांना तो असह्य होतो, त्यांच्यासाठी टक्केवारीला अर्थ उरत नाही.

जे बदलत नाही

नंबर गेला तरी नेत्रगोलाची लांबी तेवढीच राहते. लांब डोळ्यातील ताणलेले दृष्टिपटल फाटण्याचा वा सुटण्याचा धोका जसाच्या तसा असतो. म्हणून मोठा नंबर असलेल्याने शस्त्रक्रियेनंतरही दृष्टिपटलाची तपासणी चालू ठेवावी. डोळ्यासमोर अचानक ठिपके वा चमक दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वयपरत्वे नेत्रभिंगाची लवचीकता कमी होते व 'चाळिशी' लागते. लेसर ती टाळू शकत नाही. उलट उणे २ नंबरचा मनुष्य पन्नाशीतही चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतो; लेसरनंतर ही सोय जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना हे आधी सांगितले गेले पाहिजे.

काचबिंदूच्या तपासणीत पातळ झालेल्या पारपटलामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो, म्हणून पुढील प्रत्येक डॉक्टरास शस्त्रक्रियेची माहिती द्यावी. मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या भिंगाची शक्तीही पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. वक्रता बदललेली असल्याने नेहमीची सूत्रे चुकू शकतात. तीस-चाळीस वर्षांनी त्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व पारपटलाची मापे उपयोगी पडतात आणि तोवर मूळ रुग्णालयात ती सापडतीलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या सर्व मापांची प्रत मागून घ्यावी व ती पदवीच्या प्रमाणपत्रांसोबत ठेवावी.