दशावतारी गंजिफांचा डाव

आज मी आपल्याशीं एका जुन्या खेळासंबंधीं बोलणार आहें. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वीं हल्लींच्या मुलांच्या एका खेळाची थोडी ओळख करून देतों. कारण दोहोंना शेजारीं ठेवलें म्हणजे जुन्याचें मर्म लवकर उमगतें.

मुळशी खोऱ्यांत आमच्या माले गांवीं पाऊस एकदां लागला कीं, आठवडेच्या आठवडे उघडीप नसते. अशा दिवसांत घरांतलीं मुलें मोबाईलच्या कांचेवर बोटें फिरवीत बसतात. त्यांच्या खेळांतील एक जात अशी आहे कीं, खेळणाऱ्यानें एखाद्या अचाट शक्तीच्या वीराची भूमिका घ्यावयाची आणि दूरदूरच्या सोबत्यांना जमवून दुष्टांशीं झुंजावयाचें. या जातीचा 'सिटी ऑफ हीरोज' नांवाचा एक गाजलेला खेळ २००४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांत कोणी पुढें उभा राहून सारा मार आपल्या अंगावर घेतो, कोणी मागून अग्नीचा वर्षाव करतो, कोणी सोबत्यांच्या जखमा भरून काढतो. प्रत्येकाची शक्ति निराळी आणि प्रत्येकाचें उणेंहि निराळें. म्हणून चांगला खेळाडू आधीं आपल्या वीराची मर्यादा ओळखतो व मग त्याचें बळ वापरतो. २०१२ च्या नोव्हेंबरअखेर चालकांनीं आपलीं यंत्रें बंद केलीं, आणि वीरांची ती सबंध नगरी एका दिवसांत नाहींशी झाली. पुढें खेळणाऱ्यांपैकींच कांहीं हौशी मंडळींनीं ती पुन्हां उभी केली, आणि २०२४ च्या जानेवारींत मूळ मालकांनीं त्यांना रीतसर परवाना दिला.

तेथें चित्रें गेलीं होतीं, पण खेळ जाणणारे जिवंत होते. म्हणून खेळ परत आला. आपल्याकडे त्याच्या नेमकें उलट घडलें आहे. आपल्या दहा वीरांचीं चित्रें शाबूत आहेत, कांचेच्या चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगलेलीं आहेत. डाव मात्र जवळजवळ बसला आहे. हे दहा वीर म्हणजे विष्णूचे दहा अवतार, आणि खेळ म्हणजे दशावतारी गंजिफा.

गंजिफांचीं पानें वाटोळीं असतात. दशावतारी जोडांत अशीं १२० पानें असून त्यांचे दहा रंग होतात : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. प्रत्येक रंगांत बारा पानें. पहिलें राजाचें, त्यावर तो अवतार स्वतः विराजमान असतो. दुसरें प्रधानाचें, हा बहुधा घोड्यावर बसलेला दिसतो. बाकीचीं दहा पानें एक्क्यापासून दहिल्यापर्यंतचीं, आणि त्यांवर त्या त्या अवताराची खूण तितक्या वेळां काढलेली. मत्स्याला मासा, कूर्माला कांसव, परशुरामाला परशु. कांहीं रंगांच्या खुणा मात्र चिताऱ्याचिताऱ्यागणिक बदलतात. यास्तव नवा जोड हातीं आला कीं, पहिल्या दिवशीं खेळूंच नये. दहा रंगांच्या दहा रांगा लावून सर्व घरानें त्या डोळ्यांखालून घालाव्या.

हा खेळ मूळचा आपला नव्हे, हें सांगण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. गंजिफा हें नांवच इराणकडून आलें. बाबरानें १५२७ सालीं सिंधेंत शाह हसनकडे गंजिफांचा एक जोड पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अकबराच्या वेळच्या बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या, जोडाचें वर्णन अबुल फज्लनें 'आईने अकबरी'त केलें असून त्यांतील रंगांचीं नांवें अश्वपति, गजपति, नरपति अशीं आहेत. सर्वांत रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा जोड. आपल्याकडे त्याला चंगकांचनी म्हणत. परकीय सांचा घेऊन त्यांत कोणी दशावतार बसविले आणि खेळाचा कायापालट झाला. बंगालमध्यें विष्णुपुरास व ओरिसांतहि हे अवतार पानांवर उतरले. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनीं तर पानांची संख्या ३६० पर्यंत नेली; पण इतकीं पानें घेऊन प्रत्यक्ष कोण खेळत असेल, याचा मला अचंबाच वाटतो.

महाराष्ट्रांत या कलेचें माहेर सावंतवाडी. तेथील चितारी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवीत, त्यावर खडूचा हात देऊन घोंटीत, रंगवीत आणि शेवटीं लाखेची जिल्हई चढवीत. श्रीमंतांसाठीं नाजूक कामाचे दरबारी जोड आणि सामान्यांसाठीं ठसठशीत, स्वस्त असे बाजारी जोड निघत. छापील विलायती पत्ते चार पैशांत मिळूं लागल्यावर हा धंदा खंगला. १९७० च्या सुमारास तो जवळजवळ संपला असतां शिवरामराजे भोंसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती विद्या मिळविली, राजवाड्यांत नव्या कारागिरांना बसविलें आणि कला वांचविली. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु विकत घेणारा जोड घेतो तो शोभेसाठीं. बुद्धिबळाचा पट भिंतीला टांगून ठेवण्यासारखाच हा प्रकार म्हणावयाचा!

आतां प्रत्यक्ष डावाकडे वळूं.

खेळणारे तिघे, कोणी कोणाचा भिडू नव्हे. मध्यें स्वच्छ चादर अंथरावी. हीं पानें वाटोळीं व जाड असल्यामुळें पत्त्यांप्रमाणें पिसतां येत नाहींत. तीं पालथीं पसरून दोन्ही हातांनीं कालवावीं लागतात. प्रत्येकास ४० पानें येतात. वांटणी आणि खेळ दोन्ही उजव्या हाताकडे चालतात. उतारी करणारा जो रंग टाकील त्या रंगाचें सर्वांत थोर पान ज्याचें, त्याचा तो हात, आणि पुढली उतारीहि त्याचीच. येथपर्यंत पत्ते खेळणारास कांहींच नवें वाटणार नाहीं. परंतु दोन गोष्टींत हा खेळ अगदीं वेगळा पडतो. एक, येथें उतरलेल्या रंगाचेंच पान टाकलें पाहिजे अशी सक्ति नाहीं. हवें तें पान टाकावें. दुसरी, कोणताहि एक रंग बाकीच्यांना मारणारा नाहीं. 'हुकूम' हा शब्द येथेंहि आहे, पण त्याचा अर्थ निराळा. एखाद्या रंगांत त्या घटकेस शिल्लक राहिलेलें सर्वांत थोर पान, तो त्या रंगाचा हुकूम.

याखेरीज दहा रंगांचे दोन गट असतात. पांच सुलट व पांच उलट. राजा आणि प्रधान हे सर्वत्र वरचेच. त्यांच्याखालीं सुलट रंगांत दहिला, नव्वी, अठ्ठी असा उतरता क्रम लागून एक्का सर्वांत हलका ठरतो. उलट रंगांत प्रधानाखालोखाल एक्का, मग दुर्री, तिर्री, आणि दहिला सर्वांच्या पायदळीं. नवशिक्याचा घात येथेंच होतो. उलट रंगाचा एक्का क्षुल्लक समजून तो टाकून देतो, आणि घरांतील म्हातारीकोतारी गालांत हंसतात. बसण्यापूर्वीं उलट रंगांचीं नांवें तिघांनींहि एकदां मोठ्यानें म्हणून घ्यावीं.

आरंभ कोणीं करावयाचा, याचा नियम मला फार गोड वाटतो. डाव दिवसा मांडला असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी, आणि रात्रीं मांडला असेल तर कृष्णाच्या राजाची. चंगकांचनींत हाच मान दिवसा सुवर्णनाण्याच्या व रात्रीं रौप्यनाण्याच्या रंगाला, म्हणजे सूर्याला आणि चंद्राला, असे. राम सूर्यवंशी आणि भर दुपारीं जन्मलेला. कृष्ण चंद्रवंशी आणि मध्यरात्रीं जन्मलेला. जुना नियम नव्या दैवतांना इतका चपखल बसविणारा जो कोणी असेल, तो मोठा रसिक असला पाहिजे.

या पहिल्या उतारीला राजाबरोबर एक हलकें पान जोडून टाकतात, आणि बाकीच्या दोघांना दोन दोन पानें द्यावीं लागतात. म्हणजे राजाच्या पदराआड एक दुबळें पानहि हात जिंकून जातें. जोडावयास अगदीं निरुपयोगी पान निवडावें. उलट रंगाचा दहिला असल्यास त्याचें याहून चांगलें सार्थक होणार नाहीं.

पुढचा सारा खेळ स्मरणशक्तीचा. मुलांच्या त्या नव्या खेळांत वीराचें बळ त्याच्या नांवापुढें आंकड्यांत लिहिलेलें असतें, आणि खेळावें तसें तें वाढत जातें. गंजिफांत पानावर जें रंगविलें असतें तेवढ्यावर भागत नाहीं. समजा, उलट रंगांतील नरसिंहाची तिर्री तुमच्याकडे आहे. राजा, प्रधान आणि एक्का पडून गेले आहेत. आतां दुर्री कोणीं नकळत टाकून दिली कीं, त्या क्षणापासून तुमची तिर्री हुकूम झाली. पण तें ध्यानांत कोणाच्या राहिलें असेल, तर! तुमच्याच ध्यानांत नसेल, तर पुढच्या हाताला तुम्हीहि ती फेंकून देणार. रंगाची सक्ति नसल्यामुळें प्रत्येक हाताला तीन तीन रंगांचीं पानें पडूं शकतात, आणि विसरण्याला वाव तिप्पट होतो.

मग १२० पानें ध्यानांत ठेवावयाचीं कशीं? एकदम ठेवूंच नयेत. आरंभीं केवळ दहा राजे आणि दहा प्रधान यांच्याकडे लक्ष द्यावें. ज्या रंगांचे दोघेहि पडले, त्या रंगांत मग तिसऱ्या पानाची चौकशी करावी. स्वतःच्या हातांत ज्या रंगाचें एकहि पान नाहीं, त्याचा हिशेब सोडून द्यावा. दुसऱ्याच्या दौलतीची मोजदाद करून काय मिळणार? आठदहा डावांत दहा वर्षांच्या मुलासहि हें साधतें. मुलांची स्मृति आपल्यापेक्षां ताजी असते, आणि या खेळांत आजोबांना हरविण्याची संधि त्यांना प्रामाणिकपणें मिळते.

हातीं उतारी असेतोंवर आपले हुकूम वाजवून घेण्यास चुकूं नये. येथें हुकूम उतरला तरच उपयोगी. दुसऱ्यानें दुसरा रंग उतरला तर तुमचा राजा कितीहि प्रतापी असो, त्याला तो हात घेतां येत नाहीं. उतारी हातची गेली आणि कोणी तो रंग उतरलाच नाहीं, तर राजा हातांतल्या हातांत कुजतो. याउलट, तुमच्याकडे प्रधान असून राजा दुसऱ्याकडे असेल, तर त्या रंगाचें हलकें पान उतरून राजाला बाहेर काढावें. ज्याच्याकडे राजा असेल तो हात घेईल आणि तुमचा प्रधान हुकूम होईल. मात्र याची किंमत उतारीनें द्यावी लागते; म्हणून आपले बाकीचे सर्व हुकूम वाजवून झाल्याखेरीज हें धाडस करूं नये. मीं पाहिलेल्या डावांत उतावळा खेळाडू बहुतेक याच ठिकाणीं बुडतो.

पानें टाकतांनाहि विचार हवा. दुसऱ्याच्या हाताला जें पान आपण फेंकतों, त्यामुळें त्या रंगांत कोणाची तरी पायरी वर चढते. म्हणून ज्या रंगांत आपली कांहींच आशा नाहीं त्यांतील अगदीं तळचीं पानें आधीं द्यावीं, आणि मधलीं पानें, म्हणजे पंजा, छक्का, सत्ता, शक्य तोंवर राखावीं. डाव अर्धा उलटला कीं, यांच्यांतूनच हुकूम निपजतात.

खरा जोड महाग असतो, हें मला ठाऊक आहे. परंतु शिकण्यासाठीं तो पाहिजेच असें नाहीं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या जाड कागदाचे सारख्या मापाचे १२० तुकडे कापावे, दहा रंगांच्या पेन्सिलींनीं ठिपके काढावे, राजावर 'रा' आणि प्रधानावर 'प्र' लिहावें. चौकोनी तुकड्यांनींहि डाव तितकाच रंगतो. पहिले कांहीं डाव दोन दोन मुलांनीं मिळून एक हात खेळला तर बरें; एकानें पानें धरावीं, दुसऱ्यानें पडलेले राजे-प्रधान कागदावर टिपावे. आठवड्यानें तो कागद काढून घ्यावा.

आणि एक हिशेब सांगून ठेवतों. पहिली जोडउतारी दोन हातांची धरली, तर चाळीस पानांचे चाळीस हात होतात. तिघांत वांटतां तेरा तेरा येऊन एक हात उरतो. सारे सारखे खेळले तरी त्या उरलेल्या हाताचा धनी कोणी तरी एकच होणार. तो हात बहुधा अगदीं अखेरचा असतो, आणि तेव्हां प्रत्येकाजवळ एकच पान राहिलेलें असतें. तें कोणत्या रंगाचें ठेवावयाचें, याचा विचार आठदहा हात आधींपासून करावा लागतो.