आईबाप आधी की देव?

आईबापांवर आपल्यापेक्षा अधिक प्रेम करणारा आपल्याला योग्य नव्हे, असे येशूने शिष्यांना बजावल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ऐकायला कठोरच! पण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना याची किंमत घरातच मोजावी लागली.

इ.स. 203 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ ही जेमतेम बाविशीची, खानदानी घरातली तरुणी होती. अंगावर पिणारे बाळ. तिच्या नावाच्या लॅटिन रोजनिशीत वडिलांच्या भेटी सविस्तर येतात. म्हातारा तिच्या हातांचे मुके घेतो, पाया पडतो, आपल्या पिकल्या केसांची आण घालतो. सुनावणीत तर बाळाला घेऊन समोर उभा राहतो. ती ख्रिस्त नाकारत नाही. वडिलांना छडीचा मार बसतो, तेव्हा तो आपल्यालाच बसल्यासारखे तिला वाटते. माया आटली होती, असे म्हणायची सोयच ही रोजनिशी ठेवत नाही.

मराठी वाचकाला इथे टिळक दांपत्य आठवेल. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. पुढे त्या परतल्या. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना देवाच्या हाकेचा भार बायकोवर किती पडतो, ते कळते.

मात्र देवाचे नाव पुढे करून जबाबदारी झटकायला येशूची मुभा नव्हती. आईबापांच्या पोषणाचे धन देवाला वाहिले, असे सांगणाऱ्यांना त्याने ढोंगी ठरवले. वधस्तंभावरूनही त्याने आपली आई एका शिष्याच्या हवाली केली.