सिकलसेल आणि लेकरांचा मेंदू

सिकलसेल म्हटले की आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या माणसाला सांधे धरून रडणारे, डोळे पिवळे पडलेले लेकरू आठवते. पण तेच लेकरू सकाळी उठले आणि उजव्या हाताने चमचा धरेना, तर तो सिकलसेलचाच परिणाम असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणी लकवा म्हणतो, कोणी वारे गेले म्हणतो, कोणी बाहेरचे समजून उतारा करतो. कफर्णहूमात चौघांनी प्रभूकडे उचलून आणलेला पक्षघाती माणूस आपल्याला शुभवर्तमानातून ठाऊक आहे. पक्षघात मोठ्या माणसालाच होतो अशी आपली समजूत असते. सिकलसेलमध्ये मात्र तो दोन वर्षांच्या मुलालाही होऊ शकतो.

असे का होते? निरोगी लाल पेशी मऊ आणि गोल असते व सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस, मुलाची पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून रक्तद्रव्य बाहेर सांडते. रक्तवाहिनीला सैल ठेवणारा जो नैसर्गिक वायू तिच्या अस्तरात तयार होतो, तो हे सांडलेले रक्तद्रव्य शोषून घेते. त्यात चिकट पेशी अस्तराला घासत राहतात. मानेतून मेंदूत शिरणाऱ्या मोठ्या धमन्यांची भिंत अशी वर्षानुवर्षे आतून जाड होते आणि वाट अरुंद होते. त्यातच रक्त कमी असल्याने मेंदू जास्त प्रवाह मागतो. ताप आला किंवा रक्त एकाएकी आणखी उतरले की तेवढाही प्रवाह पुरत नाही आणि मेंदूचा काही भाग मरतो.

कधी हा भाग इतका लहान असतो की हातपाय नीट चालतात. फक्त मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही, पाठ केलेले राहत नाही. अशा मुलांना आपण किती सहज आळशी ठरवतो! मोठेपणी याच कमकुवत वाहिन्या फुटून रक्तस्रावही होऊ शकतो.

धानाच्या बांधीला पाणी देणारा पाट मध्येच अरुंद झाला की तिथे पाणी जोरात धावते. रक्ताचेही तसेच आहे, आणि धोका आधी ओळखता येतो तो यामुळेच. कानशिलावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून मेंदूतील रक्ताचा वेग मोजतात. याला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. सुई नाही, दुखणे नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षघाताचे प्रमाण सुमारे नव्वद टक्के घटते, हे १९९८ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवले. एसएस मुलाची ही तपासणी २ ते १६ वर्षांच्या वयात दरवर्षी व्हावी. ती लहान दवाखान्यात सहसा होत नाही; गोंदिया किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात विचारावे लागते, आणि मजुरी बुडवून तिथवर जाणे हीच बहुतेक घरांची खरी अडचण असते.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या विळ्याच्या आकाराला आळा घालतात आणि मेंदूलाही आधार देतात. फॉलिक अॅसिडची गोळी चालू आहे म्हणजे उपचार चालू आहे, असे पुष्कळ पालक समजतात. ते पुरेसे नाही. मात्र हायड्रॉक्सियुरिया मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये. अधूनमधून रक्त तपासावे लागते.

केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तिथे एएस निघालेली व्यक्ती वाहक असते. तिला हा मेंदूचा आजार होत नाही, तेव्हा तिच्या लग्नाची चर्चा कुजबुजत करण्याचे कारण नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र लग्नाआधी डॉक्टरांशी बोलावे.

एसएस मुलाचे तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, हात किंवा पाय लुळा पडला, झटका आला किंवा असह्य डोके दुखले, तर थोड्या वेळाने बरे वाटले तरी थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि पोहोचताच पहिले वाक्य सांगावे, ‘‘मूल सिकलसेल एसएस आहे.’’ त्याला लवकर रक्त चढवावे लागते. एकदा झटका आलेल्या मुलांपैकी अर्ध्याहून अधिकांना उपचाराविना तो पुन्हा येतो. म्हणून त्यांना पुढे दर महिन्याच्या सुमारास रक्त लागते, आणि ते रक्त कोणीतरी दिलेले असावे लागते.