विश्लेषण : बोरघाटात गाडी बेकाबू झाली तर? तुकड्यातुकड्यांनी धोका कसा मोजतात?

भिसेगावशेजारच्या कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडली जातात. पुढे बोरघाट आहे. 1863 मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गावर काही ठिकाणी 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र चढ आहे. चढताना ताकद लागते. उतरताना मात्र प्रश्न गाडी आवरण्याचा असतो.

फॉल्ट ट्री म्हणजे काय?
नको असलेली घटना सर्वांत वर लिहायची आणि ती कशामुळे घडेल, याच्या फांद्या खाली काढत जायच्या. 1962 च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी ही पद्धत तयार झाली. झाड मोठे झाले की त्याचे स्वतंत्र तुकडे, म्हणजे मॉड्यूल, करून प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडतात.

घाटात हे तुकडे कोणते?
पहिला ब्रेकचा. हवेचा पाइप फुटला तर दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. पण डब्यांमधला कॉक चुकून बंद राहिला, तर चालकाने लावलेला ब्रेक मागच्या डब्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच ब्रेक चाचणी महत्त्वाची.

दुसरा कॅच सायडिंगचा. उतारावरचे सांधे एरवी चढत्या सायडिंगकडे वळवलेले असतात. गाडी नियंत्रणात असल्याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. म्हणजे दुर्घटनेसाठी ब्रेक ‘आणि’ सायडिंग, दोन्ही निकामी व्हावे लागतात.

हिशेब कुठे चुकतो?
समजा, प्रत्येक तुकडा 1,000 वेळांत एकदा निकामी होतो. ते खरेच स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम निकामी होण्याची शक्यता 10 लाखांत एक. पण दोघांनाही एकाच वेळी निकामी करणारे एखादे कारण 10,000 वेळांत एकदा घडत असेल, तर धोका सुमारे 100 पट वाढतो.

घाटातील अशा समान कारणाचे ठळक उदाहरण म्हणजे दरड. ती रूळ, सिग्नलची केबल आणि ओव्हरहेड वायर एकदम तोडू शकते. कर्जत-लोणावळा दरम्यान तीन मार्गिका आहेत. पण डोंगर एकच. 2019 च्या पावसाळ्यात मंकी हिल परिसरात मार्गाचे नुकसान झाल्याने अनेक मुंबई-पुणे गाड्या रद्द झाल्या होत्या.

त्यामुळे तुकडे पाडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : या सगळ्यांना एकदम बंद पाडेल असे काय आहे?