आव कोठून येते?

पावसाळा लागतो. कुकडीला, घोडनदीला गढूळ पाणी येते. मग जुन्नर-आंबेगावच्या गावांत कुणाला ना कुणाला मुरडा येतो, आव पडते. आव म्हणजे शौचावाटे पडणारा चिकट, बुळबुळीत पदार्थ. काही जण म्हणतात, "पोटातली घाण आहे, पडून जाऊ द्या." पण आव ही घाण नव्हे. ती आतड्याची राखण आहे. ती कशी, ते पाहू.

आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्यात असंख्य जंतू राहतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात. पण तेही आतड्याच्या भिंतीला भिडले तर अपाय होतो. म्हणून भिंतीवर या चिकट पदार्थाचे सारवण असते. त्याचे दोन थर असतात. वरच्या थरात जंतू राहतात. भिंतीलगतच्या थरात त्यांना सहसा शिरता येत नाही. गाडीच्या कण्याला वंगण, तसे हे सारवण. त्याने मळही पुढे सरकतो.

हे सारवण कोण करते? भिंतीतल्या पेशी. पेशी म्हणजे शरीराची वीट. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या पेशींचा आकार संक्रांतीच्या सुगडासारखा असतो. आत चिकट माल दाबून भरलेला असतो. तो थोडा थोडा पाझरतो आणि भिजवलेल्या डिंकासारखा फुगतो.

जंतू फार जवळ आले तर? वस्तीवर बिबट्या आला, की जो आधी पाहतो तो ओरडतो. शेजारी जागे होतात. आतड्यातही असे राखणदार आहेत. २०१६ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या आतड्यात ते पाहिले. राखणदार पेशीला जंतूंची चाहूल लागते. ती आपला माल सोडते आणि शेजारच्या पेशींना निरोप धाडते. त्याही माल सोडतात. जंतू मागे लोटले जातात. राखणदार पेशी मात्र गळून पडते.

आमांशाचे जंतू याहून वाईट. ते सारवण फोडतात, भिंतीला जखम करतात. मग खूप माल बाहेर पडतो. तीच आव. तिच्यात रक्त दिसले, तर भिंतीला जखम झाली असे समजा.

म्हणून आव पडली तर रोग्याचे पाणी तोडू नका. एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. ते थोडे थोडे पाजा. तान्ह्या मुलाला अंगावरचे दूध चालू ठेवा. रक्त पडले, ताप आला किंवा मूल मलूल झाले, तर लगेच आरोग्य केंद्रात न्या. उशीर जिवावर बेततो.

पाणी उकळून प्या. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. आतली राखण पेशी करतात. बाहेरची राखण आपण करायची.