गाडी कुठली? पाटी वाचायला शिकू या

चुडाव्याहून बचत गटाच्या ताई बोलतोय.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण गाड्यांच्या नंबराविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, नंबर बघायचं काम पोलिसांचं, आपल्याला काय करायचं? पण आपल्यातल्या कितीतरी जणी रोज फाट्यावर ऑटोची वाट बघत उभ्या असतात. समोरून ट्रक, पिकअप, ट्रॅव्हल्स, हार्वेस्टर जात राहतात. प्रत्येक गाडीच्या पाठीवर तिचं गाव लिहिलेलं असतं. ते वाचायला फार शाळा लागत नाही, आणि एखाद्या दिवशी ते वाचलेलं लाखमोलाचं ठरतं. ते कसं, ते पुढं सांगतो.

आधी आपल्या घरचा नंबर. एमएच म्हणजे महाराष्ट्र आणि २२ म्हणजे परभणी. मराठवाड्याचे आकडे ओळीनं आहेत: २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ आपण, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड. हिंगोली या ओळीत बसत नाही, तिचा आकडा ३८. कारण हे आकडे ठरले तेव्हा हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ ला ती वेगळी झाली, म्हणून तिला पुढचा नंबर मिळाला. सून वेगळी निघाली की तिचं रेशन कार्ड नवं निघतं, तसंच हे.

चुडावा परभणी जिल्ह्यात असला तरी आपल्याला नांदेड जवळ. बाजार नांदेडचा, मोठा दवाखाना नांदेडचा. त्यामुळं आपल्या फाट्यावर २२ आणि २६ दोन्ही सारखेच दिसतात, आणि दोन्ही आपलेच. परकी गाडी ओळखायची तर पहिली दोन अक्षरं बघायची.

ही अक्षरं इंग्रजीत असतात. नियमच तसा आहे. मराठीत रंगवलेली पाटी गावात दिसते, पण कायद्याला ती चालत नाही. रेडिओवरून अक्षर दाखवता येत नाही, म्हणून आम्ही गटात सांगतो तसंच सांगतो. एम म्हणजे शेजारी शेजारी दोन डोंगर. एच म्हणजे एकाच पायरीची शिडी. टी म्हणजे उभ्या खांबावर आडवं लाकूड. पी म्हणजे काठीला वर लावलेला झेंडा. बी म्हणजे काठीला दोन पोटं. बैठकीत काडीनं मातीत काढून दाखवलं की चौथीपर्यंत शिकलेलीलाही दोन दिवसांत येतं. हप्त्याचा हिशेब करणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

दोन अक्षरांची ही पद्धत १९८९ च्या जुलैपासून देशभर लागू झाली. आता आपल्या रस्त्यावर परकं काय काय दिसतं ते बघा.

सर्वांत जास्त शेजारचं तेलंगण. तिथल्या गाड्यांवर तीन प्रकारची अक्षरं सापडतात, आणि तिन्ही खरी. जुन्या ट्रकवर एपी असतं, कारण तेव्हा ते आंध्र प्रदेशात होतं. २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झालं आणि टीएस आलं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं ते बदलून टीजी केलं. म्हणजे आदिलाबादच्या एकाच घरात आजोबांचा ट्रक एपी, बापाचा टेम्पो टीएस आणि पोराची मोटारसायकल टीजी असू शकते. केए म्हणजे कर्नाटक. त्यातला ३८ हा आकडा बीदरचा, आपल्या उदगीरच्या पलीकडचा.

पीबी म्हणजे पंजाब. ही अक्षरं आपल्याकडं दोन कारणांनी येतात. एक म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडात देह ठेवला, तेव्हापासून पंजाबची माणसं इथं माथा टेकायला येतात. दुसरं कारण आपल्या शेतातलं. गहू, सोयाबीन काढणीला आलं की पंजाब-हरियाणाची हार्वेस्टर गावोगाव फिरतात. हरियाणाची अक्षरं एचआर. हार्वेस्टर आलं की पिशवी लवकर भरते हे खरं, पण खुरपं-विळा घेऊन जाणाऱ्या बायांचे किती दिवस जातात, तो हिशेब कुणी करत नाही. तो विषय वेगळ्या दिवसाचा.

टीएन म्हणजे तमिळनाडू. दार-खिडकीवर गोल गोल अक्षरं असलेली बोअरची गाडी उन्हाळ्यात गावात शिरली की तिच्यावर बहुधा टीएन किंवा केए असतं. तमिळनाडूत नमक्कल जिल्ह्यात तिरुचेंगोडे नावाचं गाव आहे. बोअरच्या गाड्यांसाठी ते सगळ्या देशात माहीत आहे. त्याचा आकडा ३४. आपल्या पाण्याची आशा हजार किलोमीटरवरच्या गावातून चालत येते, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

पण पाटी कधी कधी चकवते. मोठ्या कंटेनरवर, रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर एनएल किंवा एआर दिसतं. एनएल म्हणजे नागालँड, एआर म्हणजे अरुणाचल, दोन्ही देशाच्या पार ईशान्य टोकाला. यातल्या पुष्कळ गाड्यांनी तो डोंगर पाहिलेलाही नसतो. तिथं कर कमी, कागदपत्रं सोपी, म्हणून मालक तिथं नोंदणी करतात. म्हणजे पाटी गाडीची नोंद कुठं आहे ते सांगते. चालक कुठला, माणूस कसा, हे ती सांगत नाही. परक्या अक्षराची गाडी दिसली म्हणून कुणावर संशय घ्यायचा नाही. पोरं पळवणारे आल्याच्या खोट्या अफवांवर परगावच्या गरीब माणसांना मारहाण झाल्याचं आपण ऐकलंय. नंबर टिपायचा, हात उचलायचा नाही.

आता थोडं मजेचं. आपल्या पाटीवर घोषवाक्याला जागा नाही. कॅनडात मात्र बऱ्याच प्रांतांच्या पाटीवर नंबरासोबत काहीतरी लिहिलेलं असतं. अल्बर्टाच्या पाटीवर वर्षानुवर्षं रानगुलाबाचा मुलूख, सस्कॅचवनच्या पाटीवर जित्या आभाळाचा देश, मॅनिटोबाच्या पाटीवर मनमिळाऊ मॅनिटोबा, असं त्या शब्दांचं मराठी होईल. क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताच्या पाटीवर १९७८ पासून फ्रेंचमध्ये ‘मला आठवतं’ असं लिहितात. काय आठवतं ते लिहीत नाहीत, आणि त्यावर तिथली माणसं अजून वाद घालतात. उत्तरेच्या बर्फाळ भागात तर पाटीचा आकारच पांढऱ्या अस्वलाचा. लांबच्या प्रवासात तिथली लेकरं परप्रांताच्या पाट्या मोजत बसतात.

आपल्याकडं ही हौस ट्रकच्या पाठीवर भागवतात. ‘आईचा आशीर्वाद’, ‘मेरा भारत महान’, ‘बुरी नजरवाले तेरा मुँह काला’, खाली लोंबणारी काळी चप्पल. ‘हॉर्न ओके प्लीज’ पण होतं, पण २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं ते लिहायला बंदी केली. त्या शब्दांमुळं मागचे उगाच हॉर्न वाजवतात आणि गोंगाट वाढतो, असं कारण दिलं. तरी अजून दिसतंच. बैठकीत आम्ही विचारलं, परभणीच्या पाटीवर काय लिहावं? सगळ्या एकदम ओरडल्या, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ एक म्हातारी म्हणाली, त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘पाणी आठवड्यातून एकदा’ असंही लिहा.

पाटीच्या रंगालाही अर्थ आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची, मालवाहू. हिरवी म्हणजे विजेवर चालणारी. कुठं सुरुवातीला आकडा आणि मग बीएच दिसलं तर ते भारत मालिकेचं, २०२१ पासूनचं. ज्यांची नोकरी राज्याराज्यांत बदलते, म्हणजे सैन्यातले, सरकारी, त्यांच्यासाठी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना चक्राचं चकचकीत चित्र असलेली उच्च सुरक्षा पाटी येते. जुन्या गाड्यांनाही ती बसवायची आहे. महाराष्ट्रात दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये आणि वर जीएसटी असा दर ठरला. आकडे वळवून ४१४१ चं ‘दादा’ करणाऱ्या पोरांना हे आवडत नाही, पण खरं सांगायचं तर अशा दादाचा नंबर वेळेला कुणालाच वाचता येत नाही.

वेळेला म्हणजे कधी, ते आता.

गेल्या हंगामात शेजारच्या गावातल्या एका बाईला रस्त्याकडेनं डोक्यावर चारा घेऊन जाताना पिकअपनं धडक दिली. पाय मोडला. गाडी थांबली नाही. जमलेल्या माणसांना विचारलं तर एक म्हणाला पांढरी होती, दुसरा म्हणाला करडी. शाळेतून येणाऱ्या सातवीतल्या पोरीनं मात्र पेनानं तळहातावर लिहिलं होतं: केए, आणि शेवटचे चार आकडे. मधली अक्षरं तिला दिसली नव्हती. तेवढ्यावर गाडी सापडली.

तळहातावरच्या त्या आकड्यांनी काय बदललं ते नीट ऐका. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर सरकारच्या योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर २ लाख रुपये आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. त्यासाठी अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं करायचा. ते पैसेही सोडायचे नाहीत. पण गाडी सापडली तर तिच्या विमा कंपनीवर दावा लावता येतो. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व हे सगळं त्यात मांडता येतं, आणि रक्कम ५० हजारांवर अडत नाही.

इथं बाया घाबरतात. गाडी कर्नाटकची, मग कोर्टाला तिकडं जायचं का? नाही. मोटार वाहन कायद्यानं हा दावा अपघात झाला तिथं किंवा जखमी माणूस राहतो तिथं लावता येतो. म्हणजे गाडी पंजाबची असो की नागालँडची, तारखा आपल्या परभणीतच. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची तरतूद आहे, म्हणून ‘पाय बरा झाल्यावर बघू’ म्हणायचं नाही. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसरी भीती, मदत केली तर आपल्यामागं चौकशी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्याला त्यानं संरक्षण दिलंय आणि नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ११२ ला फोन करायचा, नंबर सांगायचा, जखमीला १०८ च्या गाडीत घालायचं. साक्ष द्यायची का, ते नंतर आपल्या मनानं ठरवायचं.

नंबर पूर्ण लक्षात राहत नाही, तर काय आधी धरायचं? आम्ही सांगतो, शेवटचे चार आकडे आणि पहिली दोन अक्षरं. मग रंग, मग गाडीचा प्रकार. चार आकडे दोन-दोनच्या जोडीत म्हणायचे, सत्तेचाळीस-बारा, असं. मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे शेजारचीच्याही डोक्यात राहतात. मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तमच.

हीच सवय पैशाच्या व्यवहारातही लावा. बाहेरचा व्यापारी शेतावर येऊन हळद, सोयाबीन, कापूस उचलतो, भाव मोंढ्यापेक्षा शंभर रुपये चढा देतो आणि म्हणतो पैसे आठवड्यानं. माल देण्याआधी गाडीचा नंबर पावतीवर त्याच्याच हातानं लिहून घ्या. जो लिहायला कां-कूं करतो, त्याला माल देताना दहादा विचार करा. आणि गटातून कर्ज काढून कुणी जुनी गाडी घेत असेल, छोटा हत्ती किंवा पिकअप, आणि ती परराज्यातली असेल, तर ती स्वस्त का आहे ते आधी शोधा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा, फिटनेस दिसतं. बँकेचा बोजा उतरलाय का, तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आहे का, हे बघायचं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो पैसा किमतीत धरला तर स्वस्त गाडी पुष्कळदा महाग पडते.

शेवटचं काम दसऱ्याच्या आधीचं आहे. आपल्या जिल्ह्यातली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं चढतात आणि गाडी निघून जाते. मागं राहिलेल्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणते, मुकादमाच्या गाडीत गेले. यंदा आमच्या गटांच्या रजिस्टरमध्ये शेवटचं पान त्यासाठी ठेवलंय: घरातली कोण कोण गेली, गाडीचा पूर्ण नंबर, मुकादमाचा फोन, कारखान्याचं नाव. निघायच्या दिवशी गटातली एक बाई तिथं उभी राहते आणि पाटी वाचून लिहून घेते. गेल्या बैठकीत हे काम कुणी करायचं विचारलं, तर अंगठा सोडून सही शिकलेल्या दोघींनी हात वर केला.